रविवारचा भूकंप

"अजून एक बुकिंग गेलं," फोन खाली ठेवत पेई-चुन म्हणाली. "तायपेईचं कुटुंब. पोरं घाबरलीत म्हणे. पोरं कसली, बापच घाबरलाय!"

तिची थोरली बहीण लो पेई-शान तिच्याच स्वयंपाकघरात आलं घातलेलं माशाचं सूप पीत बसली होती. हुआलिएनच्या किनाऱ्यावर पेई-चुनचं लहानसं पाहुणेघर होतं. मागच्या मोठ्या भूकंपानंतर ते ओस पडलं होतं. यंदा कुठे माणसं परतू लागली, तोच एका निवृत्त इंजिनिअरने इंटरनेटवर जाहीर केलं, की येत्या रविवारी इथे मोठा भूकंप होणार. त्याला म्हणे ढगांच्या रेषांवरून कळतं. एका वाहिनीने ते उचललं आणि दिवसभर लाल अक्षरांत फिरवलं.

"ताई, तू फिजिक्सची प्राध्यापक. दर शनिवारी रेडिओवर बोलतेस. सांगून टाक ना, रविवारी काही होणार नाही म्हणून. मिटला विषय."

"ते नाही सांगता यायचं."

"का? होणार आहे?"

"ठाऊक नाही. त्या माणसालाही नाही अन् मलाही नाही."

"मग जन्मभर शिकलीस काय?" पेई-चुनने तिच्यासमोरचा वाडगा उचलला. सूप अजून अर्धं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी तीच वाहिनी विद्यापीठात आली. बातमीदार मुलगी हुशार होती, प्रश्नही नीट विचारत होती. पेई-शानने तिला पुष्कळ वेळ दिला. ढगांचा आणि भूकंपाचा संबंध कुणी दाखवू शकलेलं नाही, तारीख सांगणारं यंत्र जगात कुठेच नाही, हे फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. शेवटी मुलीने विचारलं, "म्हणजे रविवारी भूकंप होणारच नाही, असं म्हणता येईल?"

"नाही. तेही म्हणता येणार नाही. आपल्याकडे जमीन कोणत्याही दिवशी हलू शकते."

संध्याकाळी पडद्यावर तिच्या चेहऱ्याखाली ओळ सरकत होती: 'रविवारच्या भूकंपाची शक्यता नाकारता येत नाही – प्राध्यापक लो.' बाकी सगळं कापलेलं.

तिने बहिणीला फोन लावला. "ताई, आता कृपा कर," पेई-चुन म्हणाली, "आणि काही बोलू नकोस." फोन बंद.

बाजारात भाजीवाली म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात म्हणून मी रविवारी दुकान लावत नाहीये." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पेई-शान मुळ्याची जुडी घेऊन समुद्राच्या बाजूने घरी चालली. तिला त्या बातमीदार मुलीचा राग येत होता, पण विचार करता करता तो तिच्यावरून सरकला. प्रयोगशाळेत 'माहीत नाही' म्हटलं की कामाला सुरुवात होते. बातमीत तेच म्हटलं की काम संपतं. आणि लोकांचं तरी काय चुकलं? इथे रोज भीती उशाशी घेऊन झोपायचं. कुणी तारीख दिली की त्या भीतीला निदान शेवट मिळतो. रविवार गेला की सुटलो. तो ढगवाला माणूस भूकंप विकतच नव्हता, तो सोमवार विकत होता. आपल्याकडे त्याच्या तोडीचं द्यायला काय आहे?

शनिवारी ती वेळेआधीच रेडिओ केंद्रावर पोचली. निवेदक चुआंग जुना दोस्त. त्याने हात जोडले. "लोबाई, आज इंद्रधनुष्यावर बोला. लोक खूश, मालक खूश, मीही खूश."

"भूकंपावर बोलणार आहे. थेट प्रक्षेपण आहे ना? मग कापता यायचं नाही."

"उलटसुलट फोन येतील हो!"

"येऊ देत. फोनच घ्यायचेत."

पहिलाच फोन एका म्हाताऱ्या बाईचा. आवाज कापरा. "बाई, मी आ-ग्वेई. बंदराजवळ राहते, एकटीच. मुलगा म्हणतो उद्या तायचुंगला ये. मला गाडी लागते. जाऊ की नको, एवढंच सांगा. हो किंवा नाही."

काचेपलीकडे चुआंग डोळे मिटून बसला.

"आ-ग्वेई आजी, मला तारीख कळत नाही. कळते म्हणणाऱ्यालाही कळत नाही. पण उद्या गेलात तर परवा परत याल ना? परवाही जमीन तीच असेल. म्हणून असं काही करू, जे सोमवारीही उपयोगी पडेल. तुमच्या पलंगाजवळ कपाट आहे?"

"आहे की. लग्नातलं. चांगलं जड आहे."

"भिंतीला जखडलंय?"

"कोण जखडणार, बाई?"

"मी येते उद्या सकाळी. ड्रिल आहे माझ्याकडे."

ते ऐकून आणखी फोन आले. एकाने चांगलंच सुनावलं, "विद्यापीठाचा पगार घेता आणि सुतारकी करता?" तिने त्याचाही पत्ता विचारला.

रविवारी दिवसभर ती बंदराच्या गल्ल्यांत फिरली. आ-ग्वेई आजीने कपाट हलवून हलवून पाहिलं आणि तिला दोन केळी दिली. जमीन हलली नाही. ढगवाल्याने संध्याकाळी पुढच्या महिन्यातली नवी तारीख दिली आणि वाहिनीने तीही दाखवली. त्यानंतरच्या शनिवारी पेई-शान पुन्हा रेडिओवर गेली, त्याच्यानंतरच्याही. "लोबाई, ऐकणारे वाढले म्हणावेत असं काही नाही," चुआंग म्हणाला. "कमी झाले का?" तिने विचारलं. "तसंही नाही." "मग चालू ठेवू."

पाहुणेघराचा उन्हाळ्याचा हंगाम मात्र गेला तो गेलाच. पानगळ सुरू झाली तेव्हा पेई-चुनचा फोन आला. किती दिवसांनी. "ताई, बुधवारी मोकळी आहेस? पाटी उतरवायचीय. जागा दुसऱ्याला देतेय."

पाटी लाकडाची, पेई-चुनने स्वतः कोरलेली. ती शिडीवर चढली, पेई-शानने खालून हात लावला. बराच वेळ दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

"त्या दिवशी होणार नाही म्हणाली असतीस," वरून पेई-चुन म्हणाली, "तर खरं ठरलं असतं."

"हो."

"तरी म्हणाली नसतीस."

"नाही."

पेई-चुनने शेवटचा खिळा उपटला. पाटीचं वजन दोघींच्या हातांत आलं, आणि नेमकी तेव्हाच जमीन हलली. जोरात नव्हे, खिडक्या किणकिणल्या, रस्त्यावरच्या स्कूटर डुलल्या. समोरचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला. पेई-चुन शिडीला बिलगली. पेई-शानने एक पाय शिडीच्या पायाशी रोवला आणि पाटी खांद्यावर पेलून धरली.

हादरा थांबला. दुकानदार आत गेला.

"आहेस ना नीट?" पेई-चुनने विचारलं.

"आहे. सावकाश ये. मी धरलंय."