लाल ठिपक्यांचं बहुमत

कॉड मासा किती वर्षांचा आहे हे त्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या कानातला खडा काढतात. चवळीच्या दाण्यासारखा पांढरा खडा मधोमध कापला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. एक वलय, एक वर्ष. मोजणं इतकं सोपं असतं तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या आमच्या संस्थेला सात माणसं पगारावर ठेवावी लागली नसती. मासा उपाशी राहिला किंवा पाणी एकाएकी गार झालं की मध्येच एक खोटं वलय उमटतं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे कळायला वर्षं जातात. बोर्गहिल्ड हे काम एकतीस वर्षं करत होती.

त्या सातांचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. खड्याचा फोटो पडद्यावर येतो, वाचक एकेका वलयावर टिचकी मारतो आणि वय नोंदलं जातं. सगळ्यांचं काम एकाच सर्व्हरवर चालतं. कुणी जादा सोयीसाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं तर ते तपासून बसवायचं कामही माझंच. आसगाउट या ज्येष्ठ संशोधकाला तेच खुपत होतं.

"सिन्ने, माझा अर्ज तीन आठवडे तुझ्याकडे पडून आहे," तो बैठकीत म्हणाला. "मी काय बॉम्ब बसवतोय?"

"तीन आठवडे नाही, नऊ दिवस. आणि चाचणीसाठी मागितलेले फोटो तू अजून दिलेले नाहीत."

"बघा, ही आमची फौजदार!"

मी सुचवलं की ज्याला जे प्लगइन हवं ते त्याने आपल्या फोल्डरमध्ये खुशाल बसवावं. बिघडलं तर त्याच्यापुरतं बिघडेल. सगळ्यांना लागू होणारं सामायिक फोल्डर मात्र बंद राहील.

"म्हणजे मी केलेली चांगली गोष्ट इतरांनी वापरायचीच नाही?" आसगाउट म्हणाला. "इथे माणसांवर विश्वास ठेवतात की दारांना कुलपं लावतात?"

विभागप्रमुख विबेकेचा चेहरा 'विश्वास' हा शब्द ऐकला की उजळतो. त्यात शुक्रवार, म्हणजे ऑफिसातल्या वाफल्सचा दिवस होता. वाफल्स भाजून झाले होते, तपकिरी चीजचे काप पडत होते, आणि गार वाफलपेक्षा चुकीचा निर्णय परवडला असं सगळ्यांनाच वाटत होतं. सामायिक फोल्डर सर्वांना खुलं झालं. खुलं मीच केलं. धोक्याची सूचना देणारी एक ईमेल पाठवली आणि वाफल घेतला. माझं शौर्य एवढंच.

आसगाउटच्या प्लगइनमुळे फोटो उघडताच वलयांवर लाल ठिपके आपोआप उमटत. वाचकाने फक्त 'मान्य' दाबायचं. ते त्याने आपल्या फियोर्डातल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीतल्या, माशांवर शिकवलं होतं आणि तिथली बारीक, पुसट वलयंसुद्धा खरी असतात. आम्ही वाचतो त्या उघड्या समुद्रातल्या माशांत ती बहुतेक खोटी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात तरी आलं होतं की नाही, कोण जाणे. सगळ्यांच्या पडद्यावर ते सुरू राहील अशी व्यवस्था मात्र त्याने आठवणीने केली होती.

ऑक्टोबरात दरवर्षीची परीक्षा झाली. सातही वाचक तेच दोनशे फोटो वाचतात आणि प्रत्येकाचं उत्तर बहुमताशी किती जुळतं ते मी मोजते. ऐंशी टक्क्यांखाली गेलेला माणूस पुढच्या हंगामात वाचत नाही. सहा जण पंच्याण्णवच्या वर होते. बोर्गहिल्ड एकसष्टवर.

विबेकेने तिला बोलावलं. तक्ता माझा, म्हणून मलाही.

"बोर्गहिल्ड, कुणी तुला दोष देत नाहीये."

"मग एकसष्ट कसले? वाढदिवसाचे?"

"डोळे थकतात गं. तळघरातल्या पेट्यांची यादी करायचीच आहे. शांत काम आहे."

"शांत काम मेल्यावर आहेच. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, ती मी वाचत काढणार."

दारात उभा असलेला आसगाउट अगदी प्रेमाने म्हणाला, "ठिपके सुरू कर ना. तुझेही पंच्याण्णव होतील."

सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद समोर ठेवला. "माझे डोळे ठीक आहेत. आता तुझं सॉफ्टवेअर तपास."

"तू ठिपके बंद का केलेस?"

"जिथे बघायचं असतं नेमके तिथेच बसतात मेले."

मी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. पूर्वी एका फोटोला साधारण दीड मिनिट लागायचं. ठिपके आल्यापासून सहा जणांना सहा सेकंद पुरत होते; बोर्गहिल्डला अजून दीड मिनिटच लागत होतं. म्हणजे ते सहा जण एकमेकांशी सहमत झालेच नव्हते. प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठिपक्यांपुढे मान डोलावली होती आणि त्याला आम्ही बहुमत म्हणत होतो.

पण हे सिद्ध कसं करायचं? उपाय बोर्गहिल्डनेच सांगितला. लहानपणी पाठीवर क्रमांकाची पट्टी लावून सोडलेले आणि पुढे पकडलेले बावन्न मासे संग्रहात होते. त्यांचं जन्मवर्ष कागदावर होतं. मी क्रमांक झाकून त्यांचे खडे सगळ्यांसमोर वाचायला ठेवले. ठिपक्यांचे नऊ बरोबर आले. बाकी बहुतेक मासे एकेक वर्षाने म्हातारे. बोर्गहिल्डचे एकोणपन्नास. उरलेल्या तिनांबद्दल, पट्टी लावणाराच चुकला, असं तिचं म्हणणं.

"माझ्या फियोर्डात हे अचूक चालतं," आसगाउट म्हणाला.

"मग तिथेच ठेवायचं होतंस," बोर्गहिल्ड म्हणाली.

"एका वर्षाचाच तर फरक आहे."

"या हंगामातल्या अकरा हजार माशांत," मी म्हणाले. "यावरून पुढच्या वर्षी किती मासे पकडायचे ते ठरतं."

विबेकेने घसा साफ केला. एक अभ्यासगट नेमू म्हणाली. आणि एकसष्टचं काय, तर तो आकडा नोंदला गेलेला आहे आणि नियमाप्रमाणे तो बहुमताशी जुळण्याचाच आकडा आहे, तेव्हा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत...

"नियमात माशाचा जन्म कुठे आहे?" बोर्गहिल्डने विचारलं.

विबेकेने खरोखर नियमांची पानं उलटली. माशाचा जन्म त्यात कुठेच नव्हता.

"मग नियमानेच जाऊ," मी म्हणाले. "ठिपके बंद करून सगळ्यांची परीक्षा परत घेऊ. आजच."

संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. त्या सहांतल्या सर्वांत हुशाराला एकाहत्तर, सर्वांत खाली आलेल्या एस्किलला अठ्ठावन्न. मोजायची सवयच मोडली होती, आणि ठिपके गेल्यावर प्रत्येकाचं वलय वेगळ्या दिशेला पळालं होतं. बहुमतच कुठे होईना, तर त्याच्याशी जुळणार कोण? बोर्गहिल्डसुद्धा ऐंशीखालीच. नियमाप्रमाणे संस्थेत आता एकही वाचक उरला नव्हता. विबेकेने तक्ता पहिल्या ओळीपासून परत वाचला. मग म्हणाली, नियम माणसांसाठी असतात, तो स्थगित करता येतो. हे ज्ञान तिला त्याच संध्याकाळी झालं होतं.

"बोर्गहिल्ड, अकरा हजार फोटो परत वाचावे लागतील. वाचशील?"

"वाचीन. पण हे सहा जण माझ्या शेजारी बसतील, पडद्यावर नाही, सूक्ष्मदर्शकावर. आणि सातवा हा."

"मी संशोधक आहे," आसगाउट म्हणाला. "वाचक नाही."

"ते दिसलंच."

विबेकेने त्याचंही नाव यादीत लिहिलं, आणि या वेळी 'विश्वास' हा शब्द कुणी काढला नाही. मी त्या रात्रीच सामायिक फोल्डर बंद केलं आणि ठिपके त्याच्या एकट्याच्या फोल्डरमध्ये हलवले. परवानगी कुणाची घेतली नाही.

पुढच्या मंगळवारी आसगाउट सूक्ष्मदर्शकाशी आला. खुर्ची खाली-वर केली, चष्मा काढला, परत घातला, आणि वाकून बराच वेळ बघत राहिला.

"पाच."

"ते तिसरं पुसट आहे ना, पूर्ण गोल फिरतं का बघ, खोटं मध्येच तुटतं," बोर्गहिल्ड म्हणाली. "परत मोज."

तो परत वाकला. या वेळी दीड मिनिटाहून जास्त लागलं.

"चार?"

"विचारतोस की सांगतोस?"