हेलीने शोधलेलं नागपूर

कॅमडेनमधल्या आमच्या स्टुडंट हॉलच्या किचनमध्ये खुर्च्या आठ आणि राहणारेही आठ: दोन भारतीय, दोन नायजेरियन, एक तुर्की, एक कोरियन, एक ब्राझिलियन आणि एक अमेरिकन. त्या संध्याकाळी सात खुर्च्या भरलेल्या होत्या.

आठवी हेलीची. नेब्रास्काची हेली आठवडाभर ताट घेऊन खोलीत जेवत होती, कारण आमचा रोजचा जोक एकच: अमेरिकेबाहेरही जग आहे, हे हिला कुणी कळवलंय का?

ती ताट न्यायला आली. मी विचारलं, "हेली, नागपूर कुठे आहे?"

"माहीत नाही. नावच पहिल्यांदा ऐकतेय."

सगळे हसले. ती मात्र गेली नाही.

"पण शोधता येईल. पन्नास किलोमीटरच्या आत आले तर जोक बंद. नाहीतर मी कायमची खोलीत जेवेन. आणि सम्यक, तूही नकाशावर खूण करायचीस."

पुण्याच्या आर्याने लॅपटॉपवर नकाशा उघडला. त्यावर सीमा नाहीत, नावं नाहीत, कडेला फक्त अक्षांश-रेखांश.

"तुझंच गाव आहे रे," ती मला मराठीत म्हणाली, "नाक कापू नकोस."

नागपूर देशाच्या मधोमध, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी देशाचा मध्य बघितला आणि क्लिक केलं.

हेलीने दोनच प्रश्न विचारले.

"तुझ्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तो दिवस कोणता?"

"सव्वीस मे. कॉलेजच्या गच्चीवर पाईप उभा करून बघायचो."

"किती वाजता?"

"बारा दहा."

ती पिझ्झाच्या खोक्यावर आकडे मांडू लागली. त्या तारखेला सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला असतो, त्यावरून अक्षांश. भारतातलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि त्यात सूर्य डोक्यावर बारा दहाला, त्यावरून रेखांश. त्या गच्चीवर एका दुपारी माझी सावली पायाखाली गेली होती, आणि इथे ही मुलगी तेवढ्याच धाग्यावरून, नावही न ऐकलेल्या माझ्या गावाकडे चालली होती. केटल बंद झाल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

हेलीने क्लिक केलं. मग आठवी खुर्ची ओढून बसली.

"मोजा."

आर्याने नकाशावरची नावं सुरू केली. हेलीची खूण नागपूरपासून चोवीस किलोमीटरवर होती. माझी दोनशे नव्वद.