श्वासाजोगं पेडल

लेम्युएलने आधी खुर्ची मागितली. मग कागदी पिशवीतून रविवारचे काळे बूट काढले आणि दुकानाच्या मधोमध बसून पायातले कामाचे जाड बूट उतरवायला लागला.

काउंटरमागच्या किमसीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मिस्टर गॅडिस, मी गिटारी विकतो. बुटांचं दुकान पलीकडच्या चौकात आहे."

"ठाऊक आहे हो. पण चर्चमध्ये पायात हेच असणार. जाड तळव्यानं पसंत केलेलं पेडल पातळ तळव्याला कसं लागेल, ते आधी कळायला नको?"

"आणि खुर्ची?"

"तिथं मी बसूनच वाजवतो."

"चर्चमध्ये वाह पेडल! पायानं गिटारीचा आवाज वळवायचं यंत्र!" किमसीसाहेबांना हसू आवरेना.

"तुम्ही नुसतं दाखवा," मी म्हटलं. "हसायचं ते आम्ही गेल्यावर हसा पोटभर."

लेम्युएल माझा नवरा. आमच्या मेकन शहरात शाळेची बस चालवत त्याची सव्वीस वर्षं गेली. त्याच्या गाडीत उभ्या पोराचा तोल कधी गेला नाही, एवढा त्याचा पाय हलका. चर्चमध्ये गिटार वाजवतो त्याला त्याहून जास्त, एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्याने त्या गिटारीला नव्या तारा सोडून काही म्हणून लावले नाही. जे सांगायचं ते बोटांनी सांगावं, असे त्याचे मत. ते मत मोडले ते रेव्हरंड पेटिग्रूंमुळे.

आमचे रेव्हरंड उपदेश आधी बोलत. मग शब्द हळूहळू झुलायला लागत, आणि सूर कधी लागला ते कुणाला कळतही नसे. गाताना प्रत्येक ओळीच्या टोकाला ते 'हा!' असा मोठ्याने श्वास घेत, आणि त्या श्वासाच्या फटीत लेम्युएलची गिटार उत्तर देई. रेव्हरंडांचा सूर मी पोर होते तेव्हापासून ऐकत आले. आठवडाभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्र्या करून रविवारी त्या सुराखाली बसले, की देवाने स्वतः माझ्या पाठीवरून हात फिरवल्यासारखे वाटे.

या हिवाळ्यात रेव्हरंडांची छाती भरली. त्यातून उठले, पण निम्मा श्वास आजारपणात गेला. आता सूर वर चढतो आणि मधेच तुटतो. पहिल्या रविवारी सगळे गप्प बसले. दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावरून कुणीतरी मायेने म्हणाले, "मदत कर त्याला, प्रभू." हे आम्ही म्हणतो ते पहिल्या उपदेशाला उभ्या राहिलेल्या पोराला. चाळीस वर्षं मंडळी सांभाळलेल्या माणसाला ते ऐकावे लागले. मला वर मान करून त्यांच्याकडे बघवेना.

त्याच दुपारी त्यांनी चर्चच्या वडीलमंडळींना सांगून टाकले, "येत्या रविवारी उपदेशाचा शेवट गाता आला नाही, तर नवा पाळक बघा. न गाता उपदेश द्यायला मला येत नाही."

संध्याकाळी ओसरीवर उकडलेल्या शेंगा सोलत लेम्युएल टरफलांचा ढीग करत गेला. मग म्हणाला, "ऑर्लीन, त्यांचे शब्द शाबूत आहेत. शेवटचा लांब 'आ' तेवढा पुरत नाही. तो मी धरला तर?"

"गिटारीला कुठं 'आ' म्हणता येतो?"

"पायानं येतो म्हणे."

म्हणून आम्ही दुकानात होतो.

पहिले पेडल नवेकोरे, आरशासारखे चकचकीत. किमसीसाहेबांनी खुबी सांगितली: पायाच्या बोटांनी दाबून खटका लावायचा, मग पट्टी पुढे दाबली की आवाज उघडतो, मागे घेतली की मिटतो, माणसाच्या तोंडासारखा. लेम्युएलने डावा पाय ठेवला.

"सगळे उजवा ठेवतात," किमसीसाहेब म्हणाले.

"हा क्लचचा पाय आहे. याला घाई माहीत नाही." त्याने तार छेडली, पट्टी पुढे केली आणि थांबला. "ऑर्लीन, हे काय बोललं?"

"बदक."

"मलाही बदकच वाटलं."

दुसरे पेडल शेगडीएवढे मोठे. त्याचा आवाज गुळगुळीत, पण पाय कुठे थांबवायचा ते कळेना. पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी सुटत होती. लेम्युएलने कपाळ पुसले. "नुसतं वाजवून कळायचं नाही. कुणीतरी उपदेश द्यायला पाहिजे. तू दे."

"मी? इथं?"

"तीस वर्षं माझ्या डोक्यावर देतेस, त्यातलाच एखादा दे."

किमसीसाहेब आता उघड हसत होते. मलाही जोर चढला. पर्स काउंटरवर ठेवली, कमरेवर हात घेतले आणि रेव्हरंडांच्या चालीवर सुरुवात केली.

"सकाळी उठले मी... हा! चूल पेटवली मी... हा! मासे तळले, पीठ मळलं... हा! आणि नवरा कुठं होता?... हा!"

"सांग, बाई, सांग!" मागून आवाज आला. पियानोची वही घ्यायला आलेली एक अनोळखी बाई, डोक्यावर निळी टोपी, हात वर करून उभी होती. ती कुठल्या चर्चची, देव जाणे, पण रीत तिला ठाऊक होती. "कुठं होता तो? सांगून टाक!"

"बूट शोधत होता... हा!"

"अरे देवा, बूट!" बाई टाळ्या पिटायला लागली. लेम्युएलचा पाय चुकला, कारण तो हसून हसून खुर्चीवरून घसरायला आला होता.

मग त्याची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे एक जुने पेडल होते. काळा रंग उडालेला, रबराचा कोपरा झिजलेला.

"ते राहू द्या," किमसीसाहेब म्हणाले. "बदल्यात आलंय. पट्टी जड झालीय आणि आवाज वरपर्यंत उघडत नाही. हवं तर मी दुरुस्त करून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या."

लेम्युएलने ते लावले. "चालू दे, ऑर्लीन. पण दमल्यासारखं म्हण."

मी सूर अर्धवट सोडला. त्याने तो तारेवर झेलला आणि पट्टी हळूच पुढे नेली. आवाज उघडत गेला, थोडा घोगरा, आणि जिथवर बाकीची दोन वर चढली होती तिथे पोचण्याआधीच थांबला. त्यात चमक नव्हती. छाती होती.

निळ्या टोपीची बाई या वेळी ओरडली नाही. नुसते "हं" म्हणाली आणि डोळे मिटले.

"हेच द्या," लेम्युएल म्हणाला.

"अहो, वरचं टोक गेलंय त्याचं. निदान तेवढं तरी..."

"हात लावू नका त्याला. ज्यांच्यासाठी नेतोय, तेही आता तिथवर जात नाहीत."

रविवारपर्यंत रोज संध्याकाळी मी गायले आणि त्याने पाय घोटवला. गुरुवारी शेजारीण विचारून गेली की तुमच्याकडे आजारी वासरू आहे का. शुक्रवारी मात्र तीच कुंपणाला टेकून ऐकत राहिली.

रविवारी सकाळी मदर झिपोरा काठी टेकत आल्या, तेव्हा लेम्युएल पेडल सरकू नये म्हणून त्याखाली रबराचा तुकडा घालत होता. मदर हे आम्ही त्यांना मानाने म्हणतो; आमच्या मंडळीतल्या त्या सगळ्यांत जुन्या, एक्याण्णव वर्षांच्या. त्यांनी काठीने पेडलला टोचले. "हे काय? असलं ते दारूच्या गुत्त्यात वाजतं म्हणतात."

"गुत्त्यात तर माणसंही असतात, मदर. ती चर्चमध्ये येतात ना?"

"जीभ चालवू नकोस. याला ब्रेक आहे का?"

"आहे की. पाय थांबला की थांबतं."

"बघते," मदर म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर अगदी त्याच्या समोर बसल्या.

त्या दिवशी रेव्हरंडांचा उपदेश होता तिन्हीसांजेला ओसरीवर येऊन मुलांना हाका मारणाऱ्या आईवर. एकेकाला नावाने बोलावते. खेळात रमलेल्याला, भांडून रुसलेल्याला, चिखलाने माखून घरी यायला घाबरणाऱ्यालाही. ऐकता ऐकता माझ्या हातातला कागदी पंखा थांबला. मग शब्द झुलायला लागले. सूर आला. "तिनं हाक मारली मोठ्याला... हा!"

लेम्युएलने पट्टी दाबली. गिटार कण्हली, भरभरून, सुंदर. आणि तिच्याखाली रेव्हरंडांचा पुढचा शब्द दबून गेला.

रेव्हरंड थांबले. त्यांनी वळून पाहिले.

चूक माझी होती. घरी मी एका दमात 'हा' म्हणत होते, तसे ते पूर्वी म्हणायचे. आता ते दोनदा श्वास घेत होते. पहिला तोकडा पडे, म्हणून लगेच दुसरा. लेम्युएलने पहिल्या श्वासालाच ओळ संपली असे मानले आणि चालू उपदेशात पाळकाचा शब्द तुडवला. आमच्यात याहून मोठी चूक वादकाला करता येत नाही.

मागच्या बाकावर कुणीतरी तोंड उघडले. ते काय म्हणणार ते मला ठाऊक होते. तेवढ्यात मदर झिपोरांची काठी फरशीवर वाजली.

"सावकाश, लेकरा! सावकाश!"

दोघांपैकी कोणत्या लेकराला, ते त्यांनी सांगितले नाही. रेव्हरंडांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. लेम्युएलने मान खाली घातली, मग वर केली, आणि आता तो कानांनी ऐकणे सोडून त्यांच्या झग्याआडच्या खांद्यांकडे बघायला लागला.

"तिनं हाक मारली... मधलीला... हा!" खांदे वर गेले, अर्ध्यात थांबले. लेम्युएलचा पाय हलला नाही. "हा!" खांदे पुरते खाली आले, आणि तेव्हा कुठे गिटारीने हलकेच ओ दिली, मधलीने हाक ऐकल्यासारखी. "हो, प्रभू!" कुणीतरी म्हणाले. पुढची ओळ. दोन श्वास. मग उत्तर. रेव्हरंड शब्द टाकत होते, त्यातला 'आ' जेमतेम सुरू करत होते, आणि उरलेला लेम्युएल पुढे नेत होता. कुठे एकाचा संपतो आणि कुठे दुसऱ्याचा सुरू होतो, ते हळूहळू कळेनासे झाले. माणसे उभी राहायला लागली. मीही उभी होते, पंखा कुठे पडला ते माहीत नव्हते. मदतीची प्रार्थना कुणाच्याच तोंडी नव्हती.

शेवटची हाक उरली, धाकट्यासकट सगळ्यांना. "घरी..." एवढेच रेव्हरंडांना म्हणता आले. त्यांनी रुमालाने मान पुसली, व्यासपीठ दोन्ही हातांनी धरले आणि बोलण्याच्या साध्या आवाजात म्हणाले, "राहिलेलं ब्रदर गॅडिस सांगतील. यापुढचं मी पुढच्या रविवारी सांगतो."

"आमेन!" मदर म्हणाल्या, वडीलमंडळींच्या बाकाकडे बघून, जरा जास्तच मोठ्याने.

रेव्हरंड मागच्या उंच खुर्चीत जाऊन बसले. लेम्युएलने शेवटचा सूर धरला. तेव्हा मी पाहिले, ते खुर्चीत गाणे म्हणत होते. आवाज नव्हता. नुसते तोंड उघडत होते, 'घरी या'मधला 'या' म्हणायला उघडावे तसे, सावकाश. लेम्युएलने तारांवरची नजर कधीच काढली होती. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता, आणि ते जसजसे उघडत गेले, तसतसा त्याचा पाय पुढे जात राहिला.

मग म्हाताऱ्याने तोंड मिटले, आणि पाय मागे आला.