ख्रिश्चनांची खुर्ची

परदेशातल्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या भारतीय मंडळात सात वर्षांपूर्वी मोठं भांडण झालं आणि ते मिटवायला पदं धर्मानुसार वाटली गेली. अध्यक्ष हिंदू, सचिव शीख, खजिनदार मुसलमान, उपाध्यक्ष ख्रिश्चन. उपाध्यक्षाच्या खुर्चीत तेव्हापासून वसईची ज्युलियाना रुमाव होती. पेशाने फिजिओथेरपिस्ट. दर बुधवारी ती मंडळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचे व्यायाम घ्यायची; सगळ्या धर्मांची तीसेक माणसं यायची. यंदा अध्यक्ष दत्तप्रसादने बुधवारचा हॉल परस्पर डान्स क्लासला देऊन टाकला. तिने जाब विचारला तर म्हणाला, "हॉलचं अध्यक्ष बघतो." म्हणून तिने अध्यक्षपदाचाच अर्ज भरला.

लगेच त्याचा फोन. "तू आपलीच आहेस गं, पण अध्यक्षपद हिंदूंचं. ठरलंय ना?"

"आणि उपाध्यक्ष कोण ठरवतं?"

"आम्ही. एलायस अंकलना विचारून."

"बाकीच्या ख्रिश्चनांना नाही विचारत?"

"उगाच वाद कशाला?"

संध्याकाळी एलायस अंकल घरी आले. तिच्याच गावचे, चर्चमधले वडीलधारे. "अर्ज मागे घे, पोरी. आपल्याला एक खुर्ची आहे, तीही जाईल."

"आपल्याला म्हणजे कुणाला, अंकल?"

तिने अर्ज मागे घेतला नाही.

वार्षिक सभेत तो वाचलाच गेला नाही. उपाध्यक्ष म्हणून केविनचं नाव पुकारलं. एलायस अंकलचा भाचा. व्यायामाला येणाऱ्या चित्रलेखाताई उठल्या. "मला अध्यक्षपदासाठी ज्युलियानाला मत द्यायचंय."

"ताई, तुम्ही हिंदू," दत्तप्रसाद म्हणाला. "तुमचं मत तिला कसं चालेल?"

हॉल हसला. एलायस अंकलही हसले. सात वर्षं आपण याच लोकांच्या पंक्तीला बसून माना डोलावल्या, या विचाराने ज्युलियानाला स्वतःचीही शिसारी आली. मावळती उपाध्यक्ष म्हणून मिळालेला सत्काराचा गुच्छ टेबलावर तसाच ठेवून ती निघाली आणि त्याच आठवड्यात तिने मंडळ सोडलं.

केविनने मागताच व्यायामासाठी बुधवारचा हॉल लगेच परत मिळाला. ज्युलियाना आता जवळच्या स्कोफिल्ड्सच्या बागेत व्यायाम घेते. तिसातले नऊ येतात, चित्रलेखाताई धरून; बाकीचे हॉलवरच जातात. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर एलायस अंकल समाधानाने म्हणाले, "बघितलंस? खुर्ची राखली म्हणून हॉल मिळाला."

पुढच्या रविवारपासून ती दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली.