दोन मापांचा निळा-पिवळा

माझ्या मुलाने आयुष्यात एकही निर्णय स्वतःहून घेतलेला नव्हता. लग्नसुद्धा सूनबाईने ठरवलं आणि त्याला कळवलं. त्यामुळे सूनबाई पुन्हा नोकरीवर जाणार आणि दिवसभर नातीला कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा चिरंजीव काय म्हणणार हे मला आधीच ठाऊक होतं. तो म्हणाला, "बघू."

आता यात बघायचं काय होतं? मी दोन गल्ल्या सोडून राहते. घर तळमजल्यावर आहे, दार बंद केलं की पोर कुठे जायची भीती नाही. पण गावात आणखी एक आजी होती ना. सूनबाईची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. त्या बाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. नातीने आम्हा दोघींची नावं आपल्या सोयीने ठेवली आहेत. मी चष्म्याची आजी आणि त्या जिन्याच्या आजी. तिचं नाव आम्ही भिंगरी ठेवलंय, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही.

भिंगरी माझ्याकडे राहावी असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नव्हतं. सकाळी घर आवरून झालं की आमचे हे पेपर घेऊन बसतात ते जेवायलाच उठतात, आणि मी भिंतीकडे बघत बसते. विहीणबाईंनाही ती हवी होती. पण दोघींपैकी एकीनेही तसं तोंडाने म्हटलं नाही. मागून घ्यायला मी कुणाच्या दारात उभी राहणार नव्हते, आणि त्या गोड बोलण्यातच सगळं संपवतात.

त्यात हा स्वेटर निघाला. एका रविवारी आम्ही सगळे मुलाकडे जेवायला जमलो होतो. समोरच्या दुकानाच्या काचेत पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर लागला होता. भिंगरी खिडकीच्या गजांना लटकून म्हणाली, मला असा पाहिजे, पण निळा आणि पिवळा. मी म्हटलं, मी करते. नेमकं त्याच वेळी विहीणबाईही म्हणाल्या, मी करते. मग दोघी हसलो, जसं अशा वेळी हसतात तसं. सूनबाई कचेरीत दहा माणसांच्या पाळ्या लावते, तिला वाटणी करायची सवयच आहे. तिने तिथल्या तिथे निकाल दिला: पाठ चष्म्याच्या आजीने करायची, पुढचा भाग जिन्याच्या आजीने. बाह्या नकोतच, कारण भिंगरी बाह्या चोखते. लोकर एकाच दुकानातली, क्रोशाच्या सुया एकाच नंबरच्या, टाके तेवढेच, ओळीही तेवढ्याच. चुकायला जागाच ठेवली नव्हती तिने.

पण हात एका नंबरचे नसतात, हे तिला कोण सांगणार.

मी सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. शिवण केसभर वाकडी दिसली की माझा हात तो कपडा परत पाठवायच्या ढिगात टाकायचा, डोळ्यांना विचारतसुद्धा नसे. विणतानाही माझा दोरा बोटावर ताणलेला असतो, टाका असा बसतो की त्यातून उजेडही दिसत नाही. विहीणबाई पोस्टाच्या खिडकीवर होत्या. तिकिटं देता देता अख्ख्या गावाची चौकशी करायच्या म्हणे. त्यांचा दोरा मोकळा सुटलेला असतो, आणि टाका त्यांच्या गप्पांसारखा ऐसपैस.

पुढच्या वेळी मुलाकडे जमलो तेव्हा दोन्ही भाग टेबलावर एकावर एक ठेवले. माझी पाठ खाली झाकूनच गेली. त्यांचा पुढचा भाग चहूबाजूंनी बाहेर आला होता. माझा निळा पट्टा त्यांच्या निळ्यात अर्ध्यावरच संपत होता आणि तिथून वर एकही पट्टा एकाला एक मिळत नव्हता.

विहीणबाई म्हणाल्या, जरा सैल हात ठेवला असता तर बरं झालं असतं, पोर वाढती आहे. मी म्हटलं, स्वेटर आहे, पडदा नाही. त्या म्हणाल्या, घट्ट टाक्यात लोकर मऊ राहत नाही, अंगाला टोचते. मी म्हटलं, सैल टाक्यात पोरीची बोटं अडकतात. मग त्यांनी हसून सुचवलं की मी माझी पाठ उसवावी, क्रोशा उसवायला काय, एक टोक ओढलं की झालं. मी त्यांना तेच सुचवलं, पण न हसता. तिथून गाडी स्वेटरवरून कुणाकडे ऊन येतं यावर गेली, मग जिन्यावर, मग माझ्या रागावर. भिंगरी टेबलाखाली गोल गोल फिरत होती.

चिरंजीव इतका वेळ बशीतले दाणे निवडत बसला होता. तो एकदम उठला.

"एका स्वेटरवर तुमचं पटत नाही, आणि पोर कुणाच्या हातात देऊ? पाळणाघरात घालतो, म्हणजे प्रश्नच मिटला."

माझा मुलगा आवाज चढवतो हे मला त्या दिवशी कळलं. घरी येईपर्यंत मी ह्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिले. ह्यांनीही मला गाठायला बघितलं नाही, तेवढी अक्कल त्यांना आहे.

दोन दिवस मी धुसफुसत काढले. भांडी आपटली, शेजारणीच्या मांजराला ओरडले. तिसऱ्या दिवशी ती पाठ समोर घेऊन बसले आणि लक्षात आलं की पाळणाघराच्या बाया वाईट असतात असं काही नाही, पण भिंगरीला झोपताना कुणाचा तरी कान धरावा लागतो. पाळणाघरात एवढ्या पोरांत तिला कोण कान देणार? विहीणबाई देतील. बाई बडबडी आहे, पण पोरीचं मनापासून करते, हे मी नाकारलं तर खोटं बोलले असं होईल. माझ्या हट्टापायी पोर परक्यांकडे गेली असती. त्यापेक्षा त्यांच्याकडे बरी.

मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या आणि मुलाला फोन केला. म्हटलं, तिला तिकडच्या आजीकडे ठेवा. माझे गुडघे हल्ली धरतात, तिच्यामागे मला पळता येणार नाही. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तो म्हणाला, बरं. थांबून पुन्हा म्हणाला, नक्की ना? मी फोन ठेवून दिला. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, ते ह्यांना अजून माहीत नाही.

आणि एकदा पडतं घ्यायचंच, तर पूर्ण घ्यायचं. पाठीचं टोक ओढलं. सगळ्या ओळी भराभरा सुटत गेल्या आणि मांडीवर नागमोडी लोकरीचा ढीग झाला. जाड सुई आणली. दोरा बोटावरून सैल सोडला. सैल विणणं किती कठीण असतं हे ज्याचा हात घट्ट आहे त्यालाच विचारावं. दर टाक्याला मी आवळत होते आणि दर टाक्याला स्वतःला दटावत होते. उभा लांब टाका, म्हणजे खांब, घालायचा तर तो लुळा पडत होता. कारखान्यात असा नग माझ्यासमोर आला असता, तर मी विणणारीला बोलावून घेतलं असतं. पण शेवटी झाली एकदाची. विहीणबाईंच्या मापाची, ऐसपैस, पडद्यासारखी.

मग मीच निरोप धाडला की जोडायला येते.

त्यांचा जिना खरंच उभा आहे. वर पोचेपर्यंत न दुखणारे गुडघे दुखायला लागले. दार भिंगरीने उघडलं. सूनबाई तिला माप बघायला म्हणून सोडून गेली होती. विहीणबाईंनी चहा ठेवला होता आणि कधी नव्हे ते गप्प होत्या. मला वाटलं, पोर मिळाली म्हणून आता कानकोंड्या झाल्या असतील. असो, म्हटलं.

मी पिशवीतून पाठ काढून सतरंजीवर पसरली. त्यांनी डब्यातून पुढचा भाग काढला आणि तिच्यावर ठेवला.

तो माझ्या पाठीच्या मधोमध एखाद्या खिशासारखा बसला.

इवलासा, घट्ट, टाक्याला टाका चिकटलेला. उजेड दिसेल तर शपथ. मी वाकून पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. हुबेहूब माझा हात. आणि खाली माझी पाठ, हुबेहूब त्यांची.

"बारीक सुई आणली," विहीणबाई म्हणाल्या. "बोटाला घट्टा पडला बघा, दोरा ताणून ताणून. आणि तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

मला भयंकर संताप आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. लोकर दोनदा विणून, दोनदा मन मारून आम्ही नेमक्या तिथेच येऊन उभ्या होतो, फक्त बाजू बदलून. मी म्हटलं, अहो, विचारायचं तरी. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंत? मग त्यांना हसू फुटलं. मला नाही फुटलं.

भिंगरी सतरंजीच्या कडेकडेने एका पायावर उड्या मारत होती. ती म्हणाली, स्वेटर लवकर करा, मला पाळणाघरात घालून जायचाय.

विहीणबाई हसायच्या थांबल्या. "कसलं पाळणाघर?"

"बाबाने नाव घातलं. सोमवारी जायचं." तिने पाय बदलला. "तुम्हाला दोघींना मी नको आहे ना. चष्म्याच्या आजीचे गुडघे दुखतात आणि जिन्याच्या आजीचा जिना उंच आहे."

तिने ते रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आज भाजी काय आहे हे सांगावं, तसं सांगितलं तिने. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि माझाही उतरला असणार.

"तुम्ही सांगितलंत जिन्याचं?" मी विचारलं.

"माझ्याकडे नको, म्हटलं लेकीला. म्हटलं, जिन्यात पडेल, तिकडे तळमजल्यावर ठेवा." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुमच्याकडे शिस्त तरी लागेल. मला वाटलं, तुम्हाला इतकी हवी आहे, तर भांडून पोरीला परक्यांकडे कशाला घालवायची."

मी कपाळाला हात लावला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. बायका एकमेकींना पाण्यात पाहतात हे मी आयुष्यभर पाहिलं, पण एकमेकींसाठी माघार घेऊन पोरीला उघड्यावर टाकणाऱ्या दोघीच असतील, आणि त्यातली एक मी.

तिथूनच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, तू नको म्हणालीस, त्याही नको म्हणाल्या, मग मी काय करणार होतो? जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःहून एक निर्णय घेतला होता, आणि तो हा. मी म्हटलं, पाळणाघरातलं नाव काढून टाक, आजच. तो म्हणाला, मग ठेवायची कुणाकडे? विहीणबाई कान देऊन ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली.

"ते आमचं आम्ही बघू," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग स्वेटर जोडायला बसलो. उसवायचा विषय कुणी काढला नाही. एक कड त्यांनी धरली, एक मी. मोठ्या पाठीला चुण्या घालत घालत ती लहान भागाला बसवायची होती. निळा पट्टा बगलेशी येऊन पिवळ्याला भिडत होता, पिवळा निळ्याला. त्या कडेकडे बघवत नव्हतं. माझा हात दोनदा आपोआप उसवायला गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. विहीणबाईंचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बाईच्या जावयाचा सगळा इतिहास मला ऐकावा लागला.

शेवटची गाठ मारली आणि भिंगरीला हाक मारली. ती हात वर करून समोर उभी राहिली. पहिल्यांदाच एका जागी. स्वेटर डोक्यावरून घातला तर गळा घट्ट, पुढच्या भागाच्या मापाचा. डोकं आतच अडकलं. आत ती हलत होती, नुसते निळे-पिवळे पट्टे दिसत होते. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"भिंगरे, ऐक. माझे गुडघे दुखत नाहीत. मी खोटं बोलले. मला तू हवी आहेस."

"आणि हा जिना मी तुला कडेवर घेऊन चढेन," विहीणबाई म्हणाल्या. "मलाही हवी आहेस. रोज."

पट्टे हलायचे थांबले. मी गळा दोन्ही हातांनी ताणला, टाके करकरले, आणि डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि कपाळावर आठी, थेट माझीच.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली.