तिच्या नावाचा बकरा

वरची डावी उपदाढ मेणात तिरकी बसली होती — केसभरच, पण तिरकी. तिनं तापवलेली सुरी मेणाला नुसती टेकवली, मेण चकाकलं, चिमट्याच्या टोकानं दात हळूच ढकलला. तो जरासा हलला आणि पुन्हा तिथंच थबकला, दारात फतकल मारून बसलेल्या हट्टी पोरासारखा. कुणा सत्तर वर्षांच्या बाईची कवळी होती ही. चिठ्ठीवर वय आणि दातांचा रंग, एवढंच. ती बाई हसते कशी, चिडल्यावर ओठ आवळते की नाही, काहीच कळायचं नाही. आणि या दातांनी जेवताना बाईलाही कधी कळायचं नाही की ते कुणी बसवले. वीस वर्षं हेच काम केलं, पण हे मनात कधी आलं नव्हतं. आज आलं.

आज बकरी ईद होती. सकाळची नमाज झाली, चार बायकांच्या गळाभेटी झाल्या, नवरा आपल्या पाळीवर गेला आणि ती लॅबमध्ये आली. रजा मागितली असती तर मिळाली असती. पण घरी बसून करायचं काय? फोनकडे बघत बसायचं? त्यापेक्षा इथं दात तरी आहेत.

ती उभी होती. आल्याआल्याच तिनं स्टूल पायानं बाजूला सरकवलं होतं. शेजारच्या टेबलावर जबड्यांचे साचे ओतणाऱ्या प्लास्टरवाल्यानं — साठी उलटलेला, सदानकदा पांढऱ्या भुकटीत माखलेला माणूस — दोनदा बघून घेतलं आणि म्हणाला, "पाठ दुखतेय का? बसा की."

"नाही. आज उभीच बरी आहे."

त्याला काय सांगायचं? की इथून कित्येक हजार मैलांवर, ज्या देशात ती कधी गेली नाही आणि जाणारही नाही, तिथं आज-उद्या कुठल्यातरी घटकेला तिच्या नावाचा बकरा कापला जाणार आहे, आणि ती घटका कुठली हे कुणालाच ठाऊक नसल्यानं ती दिवसभर उभी राहणार आहे…

आठ वर्षांची होती तेव्हाचं. ती मोरीमागे जाऊन लपली होती, कानांत बोटं घालून. अब्बांनी शोधून काढलं. रागावले नाहीत. रागावण्याचा त्यांचा पिंडच नव्हता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घाईनं काही मोडतं एवढं त्यांना पुरतं माहीत होतं. उकिडवे बसले आणि म्हणाले, "आपल्या नावाची कुर्बानी आपण उभं राहून बघायची असते, बेटा. बघवत नसेल तर तसं सांग, मी तुझं नाव घेत नाही. पण नाव घ्यायचं आणि तोंड फिरवायचं, असं दोन्ही नाही चालत." ती उभी राहिली. त्यांनी बकऱ्याला पाणी पाजलं, सुरी त्याच्या नजरेआड ठेवली होती ती काढली, आणि तिचं नाव घेतलं — पूर्ण नाव, अमक्याची लेक अमुक. शाळेच्या हजेरीत ते इतक्या वेळा ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच आपलं आहे असं वाटलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात बकऱ्याचे दात तपासायलाही तेच तिला घेऊन गेले होते. अंगठ्यानं खालचा ओठ दाबून दाखवलं, "हे बघ, दुधाचे दोन पडले, मोठे दोन आले. म्हणजे वर्ष भरलं. आणि तुझ्यासारखा रडलाही नाही." पुढं ती दातांच्याच धंद्यात पडली तेव्हा ते फोनवर किती हसले होते. "झकास झालं. माणसांचे दात तू बघ, बकऱ्यांचे मी बघतो."

आणि बघितले. ती लग्न होऊन इकडं आली त्या सालापासून दर ईदीला तिच्या नावाचा बकरा अब्बाच करत. इथं अंगणात बकरा कोण बांधू देतो? दुपारी फोन यायचा. ती हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि अब्बा सांगायचे. काळा होता, एका कानावर चुन्याचं बोट पुसल्यासारखा ठिपका. मागच्या खेपेचा तांबूस, अंगानं कोवळा पण डोळे म्हाताऱ्याचे. एक महा नखरेल, पाणी पाजायला गेलो तर आधी मला प्यायला लावलं, मग तोंड लावलं. आणि शेवटी म्हणायचे, "तुझं नाव घेतलं हं." एवढं ऐकलं की ती बसायची. माहेरचं नाव घेत ते. लग्नानंतर बदललेलं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही आणि तिनंही कधी सुचवलं नाही.

अब्बा जाऊन आठ महिने झाले. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "आपा, तिसऱ्या मजल्यावर बकरा कुठं बांधू? तू तिकडंच एखाद्या संस्थेला दे ना." तेव्हा तिनं इथल्या जमातीच्या संस्थेत फॉर्म भरला. कुर्बानी लांब कुठंतरी होते, मटण तिथल्याच गरिबांत वाटतात. चांगलंच आहे. त्यात वाईट काय आहे? 'कुणाच्या नावे' या रकान्यात तिनं आधी आपलं आत्ताचं नाव लिहिलं, मग खोडलं आणि माहेरचं लिहिलं. तीन दिवसांनी संस्थेतल्या बाईंचा फोन आला.

"ताई, ओळखपत्रावर नाव वेगळं दिसतंय."

"हो. पण कुर्बानीला तेच घ्या. खोडलेलं नको."

"बरं. झालं की मेसेज येईल तुम्हाला."

"साधारण किती वाजता होईल?"

बाई हसल्या, पण हसण्यात टवाळी नव्हती. "कसं सांगू? तीन दिवस चालतं तिकडं. शेकड्यांनी नावं असतात. झाली म्हणजे झाली."

"आणि बकरा… म्हणजे कसा असेल?"

"निरोगी असेल, ताई. तपासूनच घेतात."

निरोगी. तपासून. यातून एक शेपूटसुद्धा डोळ्यांपुढं येईना. सकाळपासून ती प्रयत्न करत होती. मनात कुंपण यायचं, धूळ यायची, माणसं यायची, आणि बकऱ्याच्या जागी नुसती रिकामी जागा — दोरी ताणलेली, पण टोकाला कुणीच नाही. ज्याला बघितलं नाही, ज्याच्याविषयी कुणी दोन शब्द सांगितले नाहीत, ते आपलं देणं कसं?

जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. ईद मुबारक झालं, पोरांची चौकशी झाली, वहिनीची पाठदुखी झाली. अब्बांशिवायची ही पहिली बकरी ईद, आणि ते म्हणायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. म्हणून तिनंच काहीतरी हलकं काढलं.

"आठवतं का रे, तुझा रुमाल खाल्ला होता? अख्खाच्या अख्खा. अब्बा केवढे हसत होते सांगताना."

"कुणी खाल्ला?"

"बकऱ्यानं. तीन वर्षं झाली असतील."

"कुठला बकरा, आपा?"

"अरे, ईदीचा. माझ्या नावाचा."

पलीकडून भाऊ अगदी जपून म्हणाला, "अब्बांचे गुडघे गेले, खाली उतरणं सुटलं, तेव्हापासून बकरा आणलाच कुठं? चार वर्षं संस्थेलाच देत होते. माझ्या समोर फॉर्म भरायचे. तुझं नाव पहिलं लिहायचे. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला फोनवर सांगायचे ते…"

"फोन घेऊन गॅलरीत जायचे. दार ओढून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, बाप-लेकीचं काही खासगी असेल. आम्ही कधी विचारलं नाही."

तिनं फोन ठेवला तेव्हा पाय आपोआप स्टुलाकडे वळले आणि ती बसली. प्लास्टरवाल्यानं पाण्याची बाटली तिच्याकडं सरकवली. ती प्यायली नाही.

चार वर्षं. म्हणजे चुन्याच्या बोटाचा ठिपका होता तो… नव्हता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा नव्हता. रुमाल खाणारा नव्हता, आणि आधी अब्बांना पाणी प्यायला लावणाराही. की तो खरा होता? तो पाच वर्षांपूर्वीचा ना? तिनं मोजायला घेतलं आणि घोळ झाला. कुठल्या सालापर्यंत बकरे खरे आणि कुठून पुढं नाहीत, ते वेगळं करता येईना. खोटे म्हणावेत ते जास्त स्पष्ट दिसत होते. खऱ्यांचे तर रंगही पुसट झाले होते.

अब्बा आणि खोटं! घड्याळ दुरुस्त होण्यासारखं नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस. चाळीस वर्षांत कुणाला गोड बोलून पाठवलं नाही, त्यापायी आयुष्यभर दुकान तेवढ्याचं तेवढंच राहिलं. आणि मला — मी इथं हातातलं काम टाकून उभी राहायची, कानाला फोन घट्ट दाबून, आणि समोर काही नव्हतंच. नाव घेतलं हं, म्हणायचे. कुठं घेतलं? कुणी घेतलं? कुणा परक्या माणसानं, यादीतून वाचून… तिला राग यायला हवा होता. तिनं त्याची वाट पाहिली. तो आलाही, उंबऱ्यापर्यंत आला, पण त्याच्या आधी गॅलरी आली.

तिसरा मजला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, खाली लावलेल्या गाड्या. अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीवर, दुखरा गुडघा हातानं धरून, दार ओढून घेतलेलं. समोर बकऱ्याचं नावही नाही. आणि तरी कान, डोळे, पाणी, रुमाल. हे काही फोन लावता-लावता सुचलेलं नसणार. अब्बांना आयत्या वेळी काही सुचत नसे, साधं लग्नात बोलायचं झालं तरी चिठ्ठी लिहून न्यायचे. म्हणजे आधीपासून. दहा-दहा दिवस आधीपासून, दुपारी पडल्या पडल्या, ते तो बकरा पाळत असणार. यंदा रंग कुठला द्यावा. गेल्या वर्षी काळा झाला. खोड काय लावावी, म्हणजे पोरगी हसेल. कदाचित मनातल्या मनात ओठ दाबून दातही बघितले असतील. वर्ष पुरं भरलेलं असल्याशिवाय अब्बांनी त्याला घेतलाच नसता. आणि मग ईदीच्या दुपारी, ज्या जनावराला एवढं जपलं, ते तिच्यासाठी… हे पाप होतं की काय होतं, तिला ठरवता येईना. कुणाला विचारावं? संस्थेतल्या बाईंना? त्या म्हणतील, कुर्बानी तर झाली ना, ताई.

झाली होती. कुठंतरी, कुणाच्यातरी हातून, झालीच होती. अब्बांनाही तेव्हा वेळ माहीत नसेल. त्यांनाही कुणी निरोगी, तपासून एवढंच सांगितलं असेल. त्यांच्यापुढंही अशीच ताणलेली दोरी आली असेल, आणि टोकाला कुणीच नसणं त्यांना सोसलं नसेल. स्वतःसाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक.

तिनं हात पुसले आणि कवळी पुन्हा पुढ्यात घेतली. टेबलाच्या कडेला फोन पालथा पडला होता. संस्थेचा मेसेज आला नव्हता, आणि आज येईलच असंही नव्हतं. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. दुपार अजून बरीच शिल्लक होती. आणि मघापासून जिथं नुसती धूळ होती तिथं, तिनं न बोलावता, काहीतरी उभं राहायला लागलं होतं — आधी खूर, मग गुडघ्याची हाडं, मग एक कान, तोही जरा वाकडाच. पाण्याच्या घमेल्यात नाक घालून ते तिच्याकडं तिरपं बघत होतं. काळं नको, काळा अब्बांचा होऊन गेला. तांबूसही होऊन गेला. मग करडं? की पोटाखाली पांढरं असलेलं… ते अजून तिचं ठरत नव्हतं.