वसराम तांड्याचा फिरता डोळा

वसराम तांड्याच्या समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती, पायऱ्या म्हाताऱ्यांनी अडवल्या होत्या, आणि बाहेर लिंबाखाली बांधलेल्या शेळ्यासुद्धा रवंथ सोडून आत बघत होत्या म्हणे. आत भिंतीवर मोठा टीव्ही होता, टीव्हीखालच्या फळीवर काळा कॅमेरा होता, आणि तो कॅमेरा आपण होऊन मान हलवत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग त्याने छताकडे पाहिलं आणि सावकाश खाली वाकला, नवी सून सासऱ्यापुढे वाकते तसा.

"नमस्कार करून राहिला," सखुबाई म्हणाली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. कुणीतरी कुंकू आणलं. कुणीतरी नारळ आणला, आणि तो फोडायला दगड सापडेना म्हणून टीव्हीच्या कोपऱ्यावरच फोडायला निघाला. त्याला धरून आवरावं लागलं.

गर्दीत एकटी रुख्मिणीबाई कपाळाला आठ्या घालून उभी होती. तांड्याची ती सुईण. निम्मा तांडा तिच्या हातावर जन्मला, म्हणून सगळे तिला याडी म्हणत. याडी म्हणजे आई. हे यंत्र इथे आणलं तेही तिनेच. हिंगोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर इशरत टीव्हीतून पेशंट बघतील, लेकरू कडेवर घेऊन जीपमागे धावावं लागणार नाही, असं तिने तांड्याच्या नायकाला पटवलं होतं. देवला नाईक तेव्हा मिशीला पीळ देत म्हणाला होता, "टीव्हीतली बाई नाडी कशी धरंल?" याडी म्हणाली होती, "नाडी मी धरते. तिनं फक्त डोकं चालवायचं." तेव्हापासून कॅमेरा समोरच्या भिंतीकडे बघत मुकाट बसलेला होता. आज त्याला मान फुटली होती.

"सुदाम, हे काहून हलून राहिलं?" तिने विचारलं.

सुदाम हा तिच्या मेलेल्या बहिणीचा पोरगा. तिनेच वाढवलेला, आणि यंत्र चालवायचं काम त्याला मिळावं म्हणून नायकाशी भांडलेली. सकाळपासून यंत्रावर नारंगी दिवा लुकलुकत होता, टीव्हीवर 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' अशी पाटी होती, आणि सुदाम कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. आता बाया यंत्राच्या पाया पडता पडता त्याच्याही पाया पडत होत्या. त्याच्याकडे एरवी कुत्रंही वळून बघत नसे. तो मागे सरकला नाही.

"काय म्हाईत, याडी," तो म्हणाला. "वरून आलंय काहीतरी."

ही बातमी वारंगा फाट्याला पोचली. तिथे पंक्चरच्या दुकानामागे नेत्रानंद महाराजांचा मठ होता. महाराजांचं दुःख तसं मोठं होतं. महिनाभर तांड्यातल्या लेकरांना उलट्या-जुलाब लागले होते, आणि अशा वेळी आया रांगेने मठात यायच्या, अंगारा न्यायच्या, गंडे बांधून घ्यायच्या. यंदा त्या रुख्मिणीबाईच्या मागे समाजमंदिरात गेल्या. डॉक्टरीण टीव्हीतून म्हणाली, टाकीचं पाणी बंद करा, उकळून प्या, मीठ-साखरेचं पाणी पाजा. लेकरं उठून बसायला लागली. मठात माश्या राहिल्या.

महाराजांनी सुदामला बोलावून घेतलं, जवळ बसवलं, खांद्यावर भगवी शाल टाकली आणि त्याला 'नेत्रसेवक' म्हणाले. मठातून यंत्राला कॉल कसा लावायचा हे सुदामने दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी समाजमंदिरातल्या टीव्हीत डॉक्टर इशरतच्या जागी महाराज प्रकटले. दाढी टीव्हीत मावत नव्हती.

"भक्तहो," महाराज म्हणाले, "देव जुना झालेला न्हाई, तुमचं कनेक्शन जुनं झालंय. पापाचा गंज चढला की सिग्नल वर जात न्हाई. पण आता वरूनच अपडेट उतरलंय. नारंगी ज्योत पाहिली ना? ती समाधी होती. डोळा जागा झालाय. आता तो पाप हुडकंल. तोवर त्याला झाकून ठेवा, आणि रोगट माणसं त्याच्यापुढं आणू नका."

दवाखाना बंद झाला. कॅमेऱ्यावर शाल पडली. आणि टाकीच्या पाण्याला आता कुणी नाही म्हणेना, तेव्हा लेकरं पुन्हा आडवी झाली. मग महाराजांनी सांगितलं, तांड्यात डाकीण आहे, नसाब बसवा.

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिथे नायकाने विचारल्याशिवाय ओठ हलवायचा नाही, ही वाडवडिलांची रीत. मध्ये बोलला की दंड. महाराजांनी त्यावर आपली एक कडी घातली. सुदाम तांब्या घेऊन फिरला आणि प्रत्येकाच्या तोंडात तीर्थ ओतत गेला. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. सगळा तांडा गाल फुगवून बसला. नायकाच्या मिशा पाण्याच्या दाबाने उभ्या राहिल्या होत्या.

शाल काढली. महाराज टीव्हीतून बोलू लागले.

"देवला नाईक, उभा राहा. मनातल्या मनात शपथ घे."

नायक उभा राहिला. कॅमेरा भिंतीकडे बघत होता तसाच राहिला.

"निर्दोष. सखुबाई, उठ."

सखुबाई उठली. डोळा हलला नाही. असे एकेक उठले आणि बसले. मग महाराजांनी दाढीवरून हात फिरवला.

"रुख्मिणीबाई. तू गिळ तोंडातलं. तुला मोठ्यानं बोलावं लागंल. सांग, लेकरांवर नजर टाकली न्हाईस म्हणून."

तिने पाणी गिळलं. "काहून टाकू? ह्या लेकरांच्या नाळा मी कापल्यात," ती म्हणाली.

कॅमेऱ्याची मान वळली. आवाज न करता वळली आणि तिच्यावर येऊन थांबली. टीव्हीच्या कोपऱ्यात तिचं तोंड उमटलं, मग मोठं मोठं होत गेलं.

कुणाला ओरडता येईना, कारण तोंडात पाणी होतं. नुसते फुगलेले गाल आणि बाहेर आलेले डोळे. तिला एरवी हसू आलं असतं. ती डावीकडे सरकली. "देवला, अरे, तुझं लेकरू पायाळू होतं तवा मी..." डोळा तिच्यामागे सरकला. ती दाराकडे गेली, "ऐका तर माझं," म्हणत, आणि डोळा दारापर्यंत आला. जितकी ती विनवत होती तितका तो तिला धरून बसला. ती गप्प झाली तेव्हाच तो थांबला, पण तिच्यावरच रोखून.

नायकाने पाणी गिळलं. सोमवारी सकाळी याडीने तांडा सोडायचा, असं ठरलं. महाराज स्वतः येऊन शिवेवर नारळ फोडणार होते.

बाहेर पडताना तिने सुदामला गाठलं. तो वायर गुंडाळत होता.

"तू रोज हात लावतोस त्याला. माझ्याकडंच काहून वळला, सांग मला. तुला काही ठाव आहे?"

"मशीनला आपलं-परकं कुठं कळतं, याडी," तो वायरकडे बघत म्हणाला. "देवानं वळवला."

तिचा त्याच्यावर विश्वास होता. खरी गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी तिने घटकाभर स्वतःवरच संशय घेतला. ती रस्त्याने चालली की बाया लेकरं आत ओढत होत्या, आणि तिला वाटलं, देव जाणे, आपल्या नजरेत काही असेलही.

पण सकाळ झाल्यावर तिला दुसरंच आठवलं. सखुबाईच्या नातवाचे डोळे खोल गेले होते, आणि तो आपल्या नजरेने नव्हे, पाण्यावाचून सुकत होता. ती कनेरगाव नाक्याला चालत गेली, जीपमध्ये बसली आणि हिंगोली गाठली.

डॉक्टर इशरत खुर्चीवरून उठल्या. रुख्मिणीबाईने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पाहिलं.

"टीव्हीत तुमी उंच दिसता," ती म्हणाली.

"टीव्हीत मी बसलेली असते, याडी. बसा. आठवड्यापासून तुमच्या तांड्याकडून एकही कॉल नाही, काय तकलीफ आहे?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या. मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाकीच्यांपैकी कुणी एक शब्द तरी बोललं?"

"कसं बोलणार? तोंडात तीर्थ."

डॉक्टरांनी तिला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे तसाच टीव्ही, तसाच काळा कॅमेरा. त्यांनी दुसऱ्या एका दवाखान्याला कॉल लावला. "आता काहीही बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

डोळा रुख्मिणीबाईकडे वळला. तिने भिंत धरली.

"आता मी बोलते. बघा, बराबर माझ्याकडे येतो की नाही."

डोळा डॉक्टरांकडे गेला. दारातून चहावाल्याने "साखर कमी ना?" असं विचारलं, तर त्याच्याकडेही गेला.

"जो बोलेल त्याच्याकडे वळतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला कान आहेत, माईक. आवाज कोणत्या बाजूने आला ते ओळखून मान फिरवतो, समोरच्याला बोलणारा माणूस दिसावा म्हणून. कॉल चालू असला की. ही सोय गेल्या अपडेटमध्ये आली. मान फिरायची यंत्रणा आत आधीपासून होती, ती वापरायचं त्याला शिकवलेलं नव्हतं. अपडेट झालं की तो एकदा सगळीकडे मान फिरवून बघतो, आपण झोपेतून उठल्यावर मान मोडतो तसं. तोच तुमचा नमस्कार."

"मग महाराज बोलत होता, तवा काहून न्हाई हलला?"

"महाराजांचा आवाज टीव्हीतून येत होता. तो आवाज यंत्राचा स्वतःचाच. त्याकडे ते लक्ष देत नाही, नाहीतर आपल्याच बोलण्यामागे फिरत बसेल."

रुख्मिणीबाईला सगळं लख्ख कळलं होतं. तिला बरं वाटायला लागलं होतं.

"आमच्या सुदामला हे सांगायला पायजे," ती म्हणाली. "लेकरू बिचारं देवाचं समजून राहिलंय."

डॉक्टर हळू म्हणाल्या, "याडी, अपडेट झालं त्याच संध्याकाळी सुदामने मला कॉल लावला होता. तो खोलीभर फिरत बोलत होता आणि कॅमेरा त्याच्यामागे. आम्ही दोघं हसत होतो. 'मॅडम, बोलणाऱ्याला सोडतच नाही,' असं त्यानेच मला सांगितलं."

चहा आला, तो तसाच निवला. तिला आता महाराजाचं काही वाटत नव्हतं. तो अंगारा विकणारा माणूस, त्याने अंगारा विकला. पण वायर गुंडाळणारे ते हात तिने धुतले होते, जेवू घातले होते. ज्याला विचारलं, त्याला उत्तर माहीत होतं.

"सोमवारी दवाखान्याच्या टायमाला कॉल लावाल?" तिने विचारलं. "यंत्र बंद असंल."

"टीव्ही बंद असू दे. दवाखान्याचा कॉल ते आपोआप उचलतं."

सोमवारी महाराज जीपमधून उतरले. समाजमंदिर गच्च भरलं. टीव्ही काळा होता, कॅमेरा शालीखाली होता, कारण सुदामने काळजीने झाकला होता. महाराज त्याच्यासमोर उभे राहून रंगात आले. "डाकीण गेली की तांड्याचं नेटवर्क साफ. मग बघा, कृपेला फुल रेंज..."

"नायका," रुख्मिणीबाई दारातून म्हणाली, "जाणाऱ्याला शेवटचं मागणं मागता येतं ना नसाबात?"

"येतं," देवला नाईक म्हणाला.

"मला डोळ्याचं एकदा दर्शन घेऊ द्या."

कुणी हो म्हणायच्या आत टीव्ही उजळला आणि त्यात डॉक्टर इशरत दिसल्या. सुदाम रिमोटकडे धावला, पण रुख्मिणीबाई शालीपाशी आधी पोचली. तिने शाल ओढली.

"बंद करा तो," महाराज म्हणाले. डोळा महाराजांकडे वळला.

महाराज उजवीकडे सरकले. "हा यंत्रदोष आहे, भक्तहो." डोळा उजवीकडे. ते खांबाआड गेले. "सुदाम, वायर काढ." डोळा खांबावर येऊन थांबला आणि टीव्हीत खांबाच्या दोन्ही बाजूंनी दाढी दिसू लागली.

"म्हंजे डाकीण महाराज हाय?" सखुबाई म्हणाली. डोळा सखुबाईकडे वळला. ती मटकन खाली बसली.

"गप बसा सगळे," नायक गरजला, आणि डोळा नायकाकडे गेला. नायकाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग एका लहान पोरीला खुदकन हसू आलं. डोळा तिच्याकडे वळला. मग सगळेच बोलू लागले, हसू लागले, आणि बिचारा कॅमेरा जत्रेत हरवल्यासारखा कुणाकुणाकडे बघू लागला. त्या गोंधळात महाराजांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तेवढा एक आवाज त्याला ऐकू गेला नाही.

डॉक्टरांनी टीव्हीतून माईक, अपडेट, सगळं पुन्हा सांगितलं. मग नायक सुदामकडे वळला. "तुला ठाव होतं?"

सुदाम खाली बघत होता. "माझ्याकडं कुणी बघत नव्हतं कधी," तो पुटपुटला.

डोळा त्याच्याकडे वळला, आणि त्याचं तोंड टीव्हीभर झालं. सगळा तांडा बघत होता.

"काढा याला तांड्यातून," कुणीतरी म्हणालं. "आताच्या आता."

"थांबा," रुख्मिणीबाई म्हणाली. "परवा मला काढलं, आज याला काढता. फरक काय पडला? परवा बी तुमी डोळा कुणाकडं वळला तेवढंच पाहिलं, आज बी तेच. एवढी मोठी माणसं बसली होती, पण एकानं बी विचारलं न्हाई, की हिला बोलायला लावलं आन् आमच्या तोंडात पाणी काहून? विचारलं असतं तर काय झालं असतं, दंड? भरायचा. देव असंल तर विचारल्यानं जात न्हाई, आन् लबाड असंल तर विचारल्याबिगर जात न्हाई. रीत असो, महाराज असो, मशीन असो, कळलं न्हाई तर थुंका तोंडातलं आन् विचारा. मला बी विचारा."

डोळा तिच्यावर थांबून होता, पण आज तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने सखुबाईच्या नातवाला उचलून टीव्हीसमोर धरलं, अंगातलं पाणी किती आटलंय ते कळावं म्हणून त्याच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं आणि डॉक्टरांना दाखवलं.

"याडी," सुदाम मागून म्हणाला, "मी घरी येऊ ना?"

"तांड्यात ऱ्हा," ती मागे न बघता म्हणाली. "टाकी धुवायची आहे, ती धू. घराचं मला विचारू नको अजून."